डावीकडून चौथी खिडकी

सोमवार, ४ फेब्रुवारी

मोजणी खात्यातून निवृत्त होताना मी तीन कोऱ्या मोजणीवह्या रीतसर परवानगी घेऊन घरी आणल्या होत्या. त्यांपैकी पहिली आज उघडली. डाव्या रकान्यात आकडे आणि उजव्या, अरुंद रकान्यात शेरा, म्हणजे जे मोजता येत नाही ते, अशी तिची रचना आहे. दैनंदिनी लिहिण्यास ती फारशी सोयीची नाही. परंतु घरात दुसऱ्या प्रकारची वही नाही आणि बोलण्यास माणूस नाही.

सकाळी संग्रहालयाच्या प्रमुख बाई येऊन गेल्या. ही, म्हणजे माझी पत्नी, गेल्याला आता चार महिने होतील. अकरा वर्षे दर गुरुवारी ही संग्रहालयात जाऊन काही अंध मंडळींना तेथील एका मोठ्या चित्राचे वर्णन ऐकवीत असे. मला यातले ठाऊक होते ते इतकेच की गुरुवारी जेवण अर्धा तास उशिरा मिळते.

“त्या कधी काही लिहून आणत नसत हो,” बाई म्हणाल्या. “सगळं तोंडपाठ. आता ते वर्णन ध्वनिमुद्रित करून यंत्रात घालायचं आहे. कानाला लावलं की चित्र ऐकू येईल. एक मार्चला मजकूर हाती पडला पाहिजे. जे त्यात जाईल ते राहील, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलंच म्हणायचं.”

“माझा चित्रकलेशी संबंध नाही.”

“चौकाशी आहे ना? सदतीस वर्षं त्या चौकात होतात तुम्ही.”

हे खरे आहे. चित्र अडीचशे वर्षांपूर्वीचे, चित्रकार अज्ञात, विषय आपल्याच शहरातला मोठा चौक, बाजाराच्या दिवशी. पश्चिमेची जी तीन मजली दगडी इमारत त्यात दिसते, तिच्यातच पुढे आमचे कार्यालय आले. मी मोजून देईन, असे सांगितले.

दुपारी जाऊन आलो. चित्राच्या छायाप्रतीवर दोरे बांधून पंचेचाळीस चौकोन पाडले आणि एकेक चौकोन तपासला. माणसे दोनशे तेरा. घोडे अकरा. कुत्री सात. कारंजे एक.

शेरा: कारंज्याचे पाणी वर गेले आहे आणि अडीचशे वर्षे खाली आलेले नाही. पाहत बसलो. बंद होण्याची घंटा ऐकू आली नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

दहा वाजता सातजण आले. पहारेकऱ्याने चित्रापुढे अर्धवर्तुळात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. हिला तो ‘चौकबाई’ म्हणत असे, हे आज कळले. मी उभा राहून माझा कागद वाचू लागलो. चित्राची लांबी नऊ फूट दोन इंच, उंची पाच फूट. पुरुष एकशे एकोणतीस, स्त्रिया एकसष्ट, मुले तेवीस. एकूण दोनशे तेरा.

“साहेब,” पहिल्या खुर्चीवरच्या वृद्ध बाईंनी विचारले, “हे चित्र आहे की पंचनामा?”

सगळे हसले. या बाई चौतीस वर्षे टेलिफोन कार्यालयात होत्या. सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणतात.

“राहू द्या ती शिरगणती. खिडकीतल्या माणसाचं सांगा. बघितलं का त्यानं खाली?”

“कोणत्या माणसाने?”

तेव्हा त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी खुलासा केला. हे वाद्यांचे सूर लावून देण्याचे काम करतात. बोलतानाही अर्धी मान कलती असते. “तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. तिथं एक गृहस्थ मान खाली घालून काहीतरी मोजत बसलेत. खाली कारंज्यापाशी एक बाई उभी आहे, ती त्यांना हात करते. बाकीचा चौक आम्हाला कधीच पाठ झाला होता. पण दर गुरुवारी जाता जाता बाई सांगायच्या, आज त्यानं काय केलं. कधी पेन्सिलीला टोक काढलं, कधी चष्मा पुसला. एकदा तर उठून खिडकीपर्यंत आला. आम्ही श्वास रोखून बसलो. तर पठ्ठ्यानं पडदा ओढला, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून, आणि परत जाऊन बसला!”

“ठोंब्या!” टेलिफोनबाई मनापासून म्हणाल्या.

“शेवटच्या गुरुवारी त्यांना ताप होता. म्हणाल्या, त्यानं खाली बघितलं की नाही ते पुढल्या वेळी सांगते.”

सातही चेहरे माझ्याकडे वळलेले होते. मी छायाप्रत पाहिली, मग मूळ चित्र पाहिले, आणि वस्तुस्थिती सांगितली. “ती खिडकी बंद आहे. तेथे कोणीही नाही. कारंज्यापाशी दोन धोबिणी आहेत, त्यांच्या मधली जागा रिकामी आहे.”

सूरवाले आपली काठी शोधू लागले. वास्तविक ती त्यांच्या हातातच होती.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

भिंग घेऊन गेलो. खिडकी बंदच आहे. माणसे आज दोनशे चौदा भरली. पुन्हा मोजली, दोनशे बारा. असे माझ्या हातून कधी झाले नव्हते. पहारेकरी म्हणाला, “बाई सांगायच्या, त्यातलं एक माणूस मोजताना हलतं. सोडून द्या, साहेब.”

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दोघेच आले, टेलिफोनबाई आणि सूरवाले. मी वाचन केले नाही. हिने अकरा वर्षांत जे जे सांगितले त्यातले आठवेल ते त्यांनी सांगावे आणि मी लिहून घ्यावे, असे सुचवले. ते एकमेकांच्या तोंडातून शब्द ओढून घेत बोलत होते. दात उपटणाऱ्यापुढे बसलेल्या माणसाने भीतीने स्वतःची टोपी मुठीत चुरगाळली आहे. एका कुत्र्याचा एकच कान पांढरा आहे. न्हाव्याचे गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून भांडण पाहायला गेले आहे. पाववाल्याच्या टोपलीवरचा फडका एका कोपऱ्यात वर आलेला आहे आणि शेजारची मुलगी त्या कोपऱ्याकडेच पाहते आहे. अशा तेहेतीस नोंदी झाल्या.

“तुम्ही कधी आला नाहीत ते ऐकायला?” सूरवाल्यांनी विचारले.

“मला निमंत्रण नव्हते.”

“आम्हाला तरी कुठं होतं?” टेलिफोनबाई म्हणाल्या.

रविवार, १७ फेब्रुवारी

तीन दिवस पडताळणी केली. तेहेतीसपैकी एकतीस नोंदी बिनचूक आहेत. पांढऱ्या कानाचे कुत्रे एकोणिसाव्या चौकोनात आहे. टोपी चुरगाळलेली आहे. पाववाल्याचा फडका तर भिंगाशिवाय दिसतही नाही; हिने तो कधी पाहिला असेल? हिला माळावरचे मांजरही दिसत नाही असे मी चारचौघांत म्हणत असे, ते मागे घेतो. मात्र दोन नोंदी चुकीच्या आहेत: खिडकीतील इसम आणि हात करणारी स्त्री. इतकी पक्की नजर असताना नेमक्या याच दोन चुका कशा झाल्या, याचा उलगडा होत नाही.

मोजणीचा एक नियम आम्ही नव्या उमेदवारांना पहिल्या दिवशी शिकवीत असू: ताळा जुळला नाही तर जमिनीला दोष देऊ नये. आधी आपली मोजणीची साखळी तपासावी.

ती खिडकी आमच्या नकाशागृहाची आहे. माझे टेबल तिच्याशीच होते. पडदा मीही ओढत असे, परंतु तो डोळ्यांवर उजेड येतो म्हणून नव्हे. उन्हाने नकाशाचा कागद आकसतो, म्हणून. एवढा तपशील हिच्या सांगण्यात चुकला आहे.

मुलीचा नेहमीप्रमाणे फोन आला. मी तिच्याकडे राहायला यावे हे तिने सातव्यांदा सांगितले आणि मी सातव्यांदा विचार करतो म्हणालो. मग तिला दोन चुकांविषयी सांगितले. खिडकी आमच्याच कार्यालयाची निघाली, हा योगायोग तिला मजेशीर वाटेल असे वाटले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “गुरुवारी तू काय करतेस, असं आईला कधी विचारलंत का तुम्ही?”

“नाही. ती वेळेवर परत येत असे.”

“आणि योगायोग?”

“योगायोगच. दुसरे काय?”

तिने फोन ठेवला. तिला सर्दी झाली असावी.

शेरा: आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ही पाच वाजता चौकात येऊन कारंज्यापाशी उभी राहत असे आणि खालून मला हात करीत असे. सहकारी हसत. शासकीय कार्यालयाकडे पाहून असे हातवारे करणे बरे दिसत नाही, असे मी हिला एकदा समजावून सांगितले. हिने लगेच ऐकले. त्यानंतर कधीही आली नाही. विषय तेथेच संपला होता.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज कोणीही आले नाही. पहारेकऱ्याने सात खुर्च्या मांडल्या आणि साडेदहाला सात खुर्च्या उचलल्या. मी बाकावर बसून राहिलो. वरच्या काचेतून येणारा प्रकाश हळूहळू चित्राच्या डाव्या कडेवरून आत शिरत होता, आणि एकेक माणूस उजेडात येत होता, जणू त्याची पाळी येताच त्याला हाक मारली जात होती. मला डुलकी लागली असावी.

मी चौकात होतो, हातात मोजणीची साखळी. मासे विकणाऱ्या बायका न बोलावता बाजूला सरकत होत्या. घोडे पाय उचलून साखळी ओलांडत होते. कारंज्याचे पाणी खाली येऊ लागले होते, अतिशय सावकाश, कापसासारखे. साखळी एकट्याने धरता येत नाही. दुसरे टोक कोणीतरी धरावेच लागते. ते टोक गर्दीत कोठेतरी दूर गेले होते. “ताण द्या,” मी ओरडलो. साखळी ताणली गेली. मी थोडी ओढली. पलीकडून कोणी तितकीच, हलकेच ओढली. गर्दीतून वाट काढीत मी साखळीच्या मागे मागे चाललो, आणि कड्या हाताखालून जात राहिल्या, जात राहिल्या.

“साहेब, चहा,” पहारेकरी म्हणाला. त्याने आपल्याच थर्मासमधला आणला होता. कप हातात देऊन तो चित्राकडे बघत राहिला. “एक बोलू? रागवायचं नाही. इतकी वर्षं हा चौक कसा भरलेला असायचा. तुम्ही एका वाक्यात रिकामा केलात.”

मी रागावलो नाही. चहात साखर जास्त होती, तेही बोललो नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

प्रमुख बाईंनी बोलावले होते. गुरुवारी कोणी येत नसेल तर ती वेळ बंदच करू, यंत्र आहेच, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना एकतीस नोंदी दाखवल्या. त्या हरखून गेल्या. “अगदी हुबेहूब बाईच बोलतायत! आणि या दोन?”

“या चित्रात नाहीत.”

“मग गाळा. यंत्रात एकदा चुकीचं गेलं की कायमचं. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही नाकासमोर चालणारे.”

माझ्यासमोरच त्यांनी पेन्सिल उचलली. मी म्हणालो, “थांबा. अजून साखळी तपासायची आहे.” त्यांना काही कळले नसावे, परंतु पेन्सिल खाली ठेवली.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

टेलिफोनबाईंच्या घरी गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, सर्व वस्तू ठरलेल्या जागी. मला ते घर पाहताक्षणी आवडले. त्या खिडकीशी बसून विणीत होत्या. गुरुवारी सर्वांना घेऊन यावे, अशी विनंती मी केली.

“कशाला? बंद खिडकी ऐकायला?”

“पडताळणी अपुरी आहे. भिंग बदलून पुन्हा पाहतो आहे.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” त्या सुई न थांबवता म्हणाल्या. मग थांबवली. “तुमचं ऑफिस कुठं होतं हो?”

“त्याच चौकात. दगडी इमारत. तिसरा मजला.”

“आणि तुम्ही कितव्या खिडकीशी बसायचात?”

“चौथ्या. डावीकडून.”

त्यांनी लोकर मांडीवर ठेवली. मला वाटले त्यांना बरे नाही. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी ठोंब्या म्हणाले. तुमच्या तोंडावर. मागे घेते.”

“आपण चित्रातील इसमाला म्हणालात. मागे घेण्याचे कारण नाही.”

यावर त्या हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मला दाराशी सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “साहेब, चौतीस वर्षं मी लोकांना जोडून दिलं. पलीकडं घंटा वाजतेय आणि कोणी उचलत नाही, असं किती वेळा झालं म्हणून सांगू. पण एक बघितलंय. ज्याचं मनापासून असतं ना, तो लवकर फोन ठेवत नाही.”

परत येताना घराची वाट चुकलो. ज्या रस्त्यांची मोजणी मी स्वतः केली आहे, त्यांत.

बुधवार, २७ फेब्रुवारी

हिचा चष्मा आजवर टेबलावर होता तसाच आहे. आज तो डोळ्यांना लावून चित्राची छायाप्रत पाहिली. सगळेच अंधूक. चौक हलतो आहेसा वाटला. चौथी खिडकी मात्र काळी आणि स्वच्छ दिसली. बंद.

खिडकी आपोआप बंद होत नाही. कोणीतरी लावावी लागते.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

सातहीजण आले. टेलिफोनबाई त्यांना मेंढरांसारखे हाकीत घेऊन आल्या, असे पहारेकरी म्हणाला. मी कागद आणला नव्हता. एकतीस नोंदी पाठ झाल्या आहेत. टोपी, कान, अर्धी दाढी, पावाचा फडका. मी नीट बोलत नव्हतो, अडखळत होतो, पण सूरवाले मान कलती करून ऐकत होते, आणि मधेच कोणी “हां, हां, आणि मुलगी?” असे म्हणून मला पुढे ढकलीत होते. अर्धा तास केव्हा झाला कळले नाही. पुढचे कोणी विचारले नाही. एकदा विचारून त्यांनी पाहिले होते.

मीच म्हणालो, “तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी.”

एका खुर्चीची कुरकुर झाली.

“ती बंद आहे. हे मी पूर्वी सांगितले होते, आणि ते बरोबर आहे. पुन्हा तपासले. आत कोणीही नाही.” मी चित्राच्या आणखी जवळ सरकलो. “आत कोणी नाही, कारण त्याने खिडकी लावली आणि तो खाली उतरला. तो जिन्यात आहे. जिना इमारतीच्या आत असल्याने चित्रात दिसत नाही.”

सूरवाल्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

“म्हणजे,” त्यांनी विचारले, “बघितलं त्यानं खाली?”

“होय.”

“कधी?”

“उशिरा.”

“किती पायऱ्या आहेत हो त्या जिन्याला?” मागून कोणी विचारले.

“बासष्ट. दगडी. मधल्या वळणावर अंधार असतो, कठडा धरून उतरावे लागते. खाली दारवानाची खोली, मग मोठा दरवाजा. दरवाज्यापासून कारंजे एकशे चाळीस पावले. बाजाराच्या दिवशी अधिक लागतील. घोडे आहेत, भांडण चालू आहे.”

“आणि ती?” हे मीच विचारले, असे मागाहून लक्षात आले. “धोबिणींच्या मधली जागा रिकामी आहे. ती दिसत नाही.”

टेलिफोनबाईंनी हात पुढे केला आणि माझी बाही शोधून घट्ट धरली. “अहो, रिकामी कशानं? दाटीच्या चौकात, बाजाराच्या दिवशी, कारंज्याशेजारची मोक्याची जागा कोणी मोकळी सोडतं का? कोणीतरी धरून ठेवली असल्याशिवाय?”

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. दोनशे तेरा माणसांपैकी एकानेही त्या जागेवर पाय ठेवलेला नाही. चौकोन क्रमांक सत्तावीस. सगळा चौक तेथून थोडासा वळून जातो.

शुक्रवार, १ मार्च

मजकूर दिला. प्रमुख बाईंनी तो वाचता वाचता पेन्सिल उचलली. “‘तो जिन्यात आहे.’ याला आधार?”

“बासष्ट पायऱ्या. त्या मोजलेल्या आहेत.”

“आणि एकूण माणसं? दोनशे तेराच ना?”

“दोनशे तेरा. शिवाय एक जिन्यात, आणि एक जागा राखून.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग पेन्सिल कानामागे खोचली. वर्णन करणारी म्हणून हिचे नाव घालावे, माझे घालू नये, असे मी सांगितले. गुरुवारची वेळ चालू राहील. यंत्राला प्रश्न विचारता येत नाहीत, हे त्यांनाही पटले.

तेथून चौकात गेलो. निवृत्तीनंतर प्रथमच. नकाशागृहात आता दुसरेच कार्यालय आहे. दारवानाने ओळखले, वर जाऊ दिले. पायऱ्या चौसष्ट निघाल्या. सदतीस वर्षे चढउतार करून आकडा चुकला. मजकुरात दुरुस्ती कळवावी लागेल. चौथ्या खिडकीशी एक तरुण मुलगी संगणकावर काम करीत होती. तिची परवानगी घेऊन मी तिच्या खुर्चीवर क्षणभर बसलो. कारंजे तेथून स्पष्ट दिसते. उठावेही लागत नाही. मान वर केली की पुरे.

पाच वाजायला आले होते. जिना उतरलो, वळणावर कठडा धरला. दरवाज्यापासून कारंजे एकशे अडतीस पावले. लोक कामावरून घरी निघाले होते आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. मी पाण्याच्या कडेशी उभा राहिलो. वर पाहिले. तिसरा मजला, डावीकडून चौथी.

मी हात केला. शासकीय इमारतीकडे पाहून असे करणे बरे दिसत नाही. कोणी खाली पाहिले नाही. हात दुखू लागला, तेव्हा दुसरा केला.